सोंग, अवसार आणि तोतया : ‘दशावतार’ चित्रपटातील ओळखीचा प्रश्न

गुन्ह्याच्या कथेत ओळखीचा प्रश्न बहुधा एकाच रीतीने मांडला जातो. कृत्य समोर असते, कर्ता अज्ञात असतो आणि कथेच्या अखेरीस कर्त्याच्या मुखावरील आच्छादन दूर होते. मुखवटा आणि चेहरा या दोहोंपैकी चेहरा तेवढा खरा, हे गृहीत या मांडणीच्या मुळाशी असते. सुबोध खानोलकर यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला ‘दशावतार’ हा मराठी चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा त्यासही रहस्यपट, सूडपट, गुन्हेपट अशी नावे मिळाली. ती चुकीची नाहीत. मात्र वर सांगितलेले गृहीत या चित्रपटास लागू पडत नाही. सिंधुदुर्गातील बाबुली मेस्त्री हा दशावतारी नट वृद्ध झाला आहे, त्याची दृष्टी अधू झाली आहे. खाणीच्या व्यवहारात गुंतलेल्या हितसंबंधांपायी त्याचा मुलगा माधव बळी जातो. पुढे विष्णूच्या अवतारांची रूपे घेऊन आलेली एक आकृती अपराध्यांस एकामागून एक गाठू लागते, आणि मायकेल डिकॉस्टा नावाचा पोलीस अधिकारी तपासासाठी येतो. बाबुलीची भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी व अधिकाऱ्याची महेश मांजरेकर यांनी केली आहे. या रूपांमागे बाबुली आहे, ही गोष्ट प्रेक्षकास फार काळ गुपित राहत नाही. तरीही चित्रपटातील संदिग्धता संपत नाही. ‘मारणारा कोण?’ या प्रश्नाचे उत्तर मिळते. ‘मारताना तो कोण असतो?’ हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा, तर ज्या प्रदेशात ही कथा घडते तेथील लोकांजवळ एका देहात दुसरी व्यक्ती दिसण्याविषयी कोणकोणत्या कल्पना आहेत, हे प्रथम पाहिले पाहिजे. मराठीत, विशेषतः दक्षिण कोकणात, अशा तीन निरनिराळ्या अवस्थांना तीन निरनिराळे शब्द आहेत. नट जे घेतो ते सोंग. देवतेचा संचार होतो तो अवसार. आणि दुसऱ्याचे नाव व अधिकार बळकावणारा तो तोतया. सोंगात फसवणूक नसते, कारण ते सोंग आहे हे घेणारा व पाहणारा दोघेही जाणतात. अवसारातही ती नसते. तेथे देह एकाचा व वाणी दुसऱ्याची, हे उभयपक्षी मान्य असते. तोतयेपण मात्र पाहणाऱ्याच्या अज्ञानावरच उभे असते. गुन्हेपटाची परंपरा पाहता ती जवळजवळ संपूर्णपणे तोतयाची परंपरा आहे. ‘दशावतार’चे वैशिष्ट्य असे की, तोतयाच्या चौकटीत त्याने सोंग आणून ठेवले आणि त्या सोंगावर अवसाराची छाया पडू दिली.

दशावतारी खेळाच्या उगमाविषयी एकमत नाही. श्यामजी नाईक काळे यांनी इ. स. १७२८ च्या सुमारास कर्नाटकातून हा खेळ राजापूर तालुक्यातील आडिवरे येथे आणला, अशी एक परंपरागत समजूत आहे. वालावल-कवठे परिसरातील गोरे घराण्याकडेही त्याचे श्रेय दिले जाते. परंतु समर्थ रामदासांच्या दासबोधात दशावतारी खेळणाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि समर्थ १६८१ मध्ये निवर्तले. सतराव्या शतकात जो खेळ दृष्टांतासाठी घेण्याइतका परिचित होता, तो अठराव्या शतकात ‘आणला’ गेला असे म्हणता येत नाही. फार तर त्यास नवे वळण मिळाले असे म्हणता येईल. दासबोधातील तो उल्लेख प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे तो निराळ्या कारणाने. खेळात येणाऱ्या सुंदर स्त्रिया नेत्रकटाक्ष टाकतात खऱ्या, पण त्या सर्व दांडगे पुरुष असतात, असे समर्थ तेथे सांगतात. म्हणजे या खेळाची मराठी वाङ्मयातील ही जुनी नोंदच मुळी दिसणे आणि असणे यांतील अंतराची नोंद आहे. समर्थांना त्या अंतरातून वैराग्याचा बोध करावयाचा होता. जत्रेतील प्रेक्षकास ते अंतर ठाऊक असते, आणि तरी स्त्रीपार्टी नटाच्या विलापाने त्याचे डोळे पाणावतात.

खेळाची रात्र कशी उलगडते हे तपशिलाने पाहणे अगत्याचे आहे. ग्रामदेवतेची जत्रा भरते, पालखीची प्रदक्षिणा होते आणि मध्यरात्रीच्या सुमारास मंदिराच्या आवारात नाटक उभे राहते. नेपथ्य म्हणजे एक पडदा आणि एक बाकडे. तेच सिंहासन, तेच पर्वतशिखर, प्रसंगी तोच रथ. पखवाज, पायपेटी आणि झांज एवढीच वाद्ये. वेशभूषेचे सामान ज्या पेटाऱ्यातून येते त्याची पूजा होते, आणि रंग प्रत्येक नट स्वतःच्या हाताने लावतो. प्रथम आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग. सूत्रधाराच्या आवाहनावरून रिद्धिसिद्धींसह गणपती येतो, भटजी त्याची पूजा करतो, मग मोरावर आरूढ शारदा येते, आणि पुढे संकासुराचा प्रवेश होतो. यानंतर उत्तररंग, म्हणजे पुराणातील एखादे आख्यान. आख्यानाची लिखित संहिता नसते. कोणते कथानक लावावयाचे व कोणी काय व्हावयाचे हे नाट्यमंडळाचा प्रमुख खेळापूर्वी सांगतो, आणि पुढील चार-पाच तासांचे संवाद नट रंगभूमीवरच रचतात. पहाटे दहीहंडी फुटते. म्हणूनच या खेळास दहीकाला असेही नाव आहे. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर इत्यादी मंडळांनी ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालविली. नट बहुतेक शेतकरी किंवा कारागीर. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही दशावतारी नटाविषयीची म्हण थट्टेची आहे खरी. पण पुढच्या गावी पायी जाताना सामान ज्याच्या डोक्यावर असे, तोच काही घटकांपूर्वी दुर्योधन होता, एवढी वस्तुस्थितीही तीत आहे.

संहिता नसण्याचा परिणाम ओळखीच्या दृष्टीने फार मोठा आहे. लिहिलेले नाटक म्हणणारा नट दुसऱ्याचे शब्द उच्चारतो. दशावतारी नट देव होऊन स्वतःचे शब्द बोलतो. तेव्हा हे बोलणे कोणाचे, असे विचारले तर उत्तर देणे कठीण. शब्द नटाचे, अधिकार भूमिकेचा, आणि विषय पुष्कळदा गावचा. संकासुराच्या बाबतीत तर हे फारच ठळकपणे दिसते. इतर पात्रे प्रमाण मराठी बोलत असता हा काळ्या वेषातील असुर मालवणी बोलतो, भटजीची फिरकी घेतो, गावातील मानकऱ्यांस चिमटे काढतो, आणि अखेर वेद चोरल्याबद्दल विष्णूच्या हातून मरतो. गावकऱ्यांच्या तोंडची भाषा देवाला नसून असुराला दिलेली आहे, याचा विचार अभ्यासकांनी जितका करावयास हवा होता तितका केलेला नाही. चोर ठरलेला संकासुर हाच प्रेक्षकांपैकी एक आहे. खानोलकरांच्या चित्रपटात मालवणी बोलणारा बाबुली शासनाच्या दृष्टीने अपराधी आणि गावाच्या दृष्टीने आपला माणूस ठरतो, तेव्हा तो विष्णूची रूपे घेत असला तरी त्याचे स्थान संकासुराच्या बरेच जवळ असते.

अवसार ही याहून वेगळी गोष्ट होय. सिंधुदुर्गातील गावऱ्हाटीत ग्रामदेवतेचे तरंग असतात, मानकरी असतात, देवास गाऱ्हाणे घातले जाते, कौल घेतला जातो. ज्याच्या अंगी अवसार येतो त्यास त्या वेळी गावकरी नावाने हाक मारीत नाहीत. देवता म्हणून संबोधितात, तिला प्रश्न विचारतात आणि तिचा शब्द मानतात. अवसार उतरल्यावर तो माणूस पुन्हा पूर्वीचा गावकरी होतो, आणि दिलेल्या निवाड्याबद्दल त्यास कोणी व्यक्तिशः जबाबदार धरीत नाही. नट सोंग ‘घेतो’, अवसार ‘येतो’. दोन क्रियापदांतील हा भेद साधा नाही. पहिल्यात कर्तृत्व माणसाकडे आहे, दुसऱ्यात नाही.

हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे ‘दशावतार’ची तुलना ‘कांतारा’शी वरवर केली जाते. ऋषभ शेट्टी यांचा ‘कांतारा’ हा कन्नड चित्रपट सप्टेंबर २०२२ मध्ये प्रदर्शित झाला. दोन्ही चित्रपटांत पश्चिम किनाऱ्यावरील रान, जमिनीवरील सत्ता आणि विधिनाट्य ही सामग्री आहे, हे खरे. पण ‘कांतारा’तील भूतकोला हा तुळुनाडूचा संचाराचा विधी आहे, अखेरच्या संग्रामात नायकाच्या देहात गुळिग दैव प्रवेश करते आणि जमीनदाराचा अंत होतो. तेथे कृत्य दैवाचे आहे, आणि ते तसे आहे याविषयी कथेस शंका नाही. दशावतार हा संचाराचा विधी नव्हे. ते नाटक आहे. नट स्वतः रंग लावतो, स्वतः शब्द रचतो आणि पहाटे रंग पुसतो. म्हणून बाबुलीच्या हातून घडलेल्या कृत्यांतून बाबुलीला वगळता येत नाही. ‘मराठी कांतारा’ हे विशेषण गौरवाचे मानले गेले. वस्तुतः त्यामुळे या चित्रपटातील एकमेव बिकट प्रश्नच पुसला जातो.

आता तोतयाकडे वळणे प्राप्त आहे. कोकणच्या इतिहासात या शब्दास एक निश्चित संदर्भ आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या देहाची ओळख व दहन यांविषयीच्या वार्ता पुण्यास आल्या, तरी त्यांनी सर्वांचे समाधान झाले नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत वैधव्य पत्करले नाही. या अनिश्चिततेतून सुखनिधान नावाचा एक कनोजा ब्राह्मण भाऊसाहेब म्हणून पुढे आला. माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत त्यास पकडण्यात येऊन चौकशीअंती तो तोतया ठरला व कैदेत पडला. प्रकरण तेथेच संपावयास हवे होते. परंतु १७७६ मध्ये रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्यास मुक्त करून भाऊसाहेब म्हणून उभे केले, कोकणातील किल्ले त्याच्या हाती जाऊ लागले आणि त्याचे सैन्य बोरघाटापर्यंत येऊन भिडले. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला. समुद्रमार्गे निसटत असता रघूजी आंग्र्यांनी त्यास धरून पुण्याच्या स्वाधीन केले. पुन्हा चौकशी झाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यास देहदंड देण्यात आला.

एकदा तोतया ठरलेल्या माणसामागे पानिपतानंतर पंधरा वर्षांनी हजारो लोक का गेले, हा या प्रकरणातील खरा प्रश्न आहे. ते सर्व फसले, असे म्हणणे सोपे आहे. राघोबादादांचा कलह, बारभाईंचे कारस्थान आणि तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावे चाललेला कारभार अशा त्या काळात, पानिपताहून परत आलेला पराक्रमी वारस पुष्कळांना हवा होता. तोतया समाजाच्या इच्छेनुसार घडत गेला. त्याचे स्वतःचे चातुर्य त्या मानाने दुय्यम. कारभाऱ्यांना मात्र असा अर्थ लावण्याची मुभा नव्हती. त्यांना नाव हवे होते, जात हवी होती, गाव हवे होते, आणि ‘सुखनिधान’ या उत्तरावर चौकशी बंद करणे हेच त्यांचे राजकारण होते. न. चिं. केळकर यांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले, तेव्हा हा विषय मराठी रंगभूमीवर आला आणि ओळखीची चौकशी हे नाट्याचे साधन आहे, याची प्रेक्षकास सवय झाली.

मराठी चित्रपटात त्या चौकशीचे उत्तम उदाहरण म्हणजे राजा परांजपे दिग्दर्शित ‘पाठलाग’ (१९६४). जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. काशिनाथ घाणेकर व भावना यांच्या त्यात प्रमुख भूमिका होत्या. एका वकिलाची पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावते, आणि लवकरच दरोडेखोरांच्या टोळीतील म्हणून पकडलेली, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी स्त्री आपण त्याची पत्नी असल्याचे सांगू लागते. पतिपत्नींनाच ठाऊक असाव्यात अशा गोष्टी ती भर न्यायालयात सांगते. ती सांगत जाते तसा पतीचा संशय दुणावत जातो. राज खोसला यांनी याच कथेवर हिंदीत ‘मेरा साया’ (१९६६) काढला. शेवटी जुळ्या बहिणीचा उलगडा होतो, पत्नी पत्नी ठरते, आणि कथा मिटते. येथे तोतयाची चौकट उलटी केली आहे, कारण जिला तोतया मानले तीच खरी निघते. तथापि चौकट तीच आहे. दोन चेहरे, दोन नावे, कोणते कोणाचे एवढाच प्रश्न. पार्वतीबाईंच्या वाट्याला जे आले नाही ते ‘पाठलाग’च्या नायकाच्या वाट्याला येते, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

या परंपरेचे अगदी टोक अमेरिकेत गाठले गेले. ब्रायन सिंगर यांच्या ‘द युज्वल सस्पेक्ट्स’ (१९९५) या चित्रपटात लंगडा, दुर्बळ भासणारा एक आरोपी तपास अधिकाऱ्यास कायझर सोझे नामक महागुन्हेगाराची कथा सांगतो. ती कथा त्याने त्या खोलीतील सूचनाफलकावरील कागदांवरून आणि अधिकाऱ्याच्या पेल्याच्या बुडावरील नावावरून तेथल्या तेथे रचली, हे अखेरीस उघड होते. सोझे कोण याचे उत्तर प्रेक्षकास बहुधा मिळते. सांगितलेल्यापैकी खरे किती घडले, हे मात्र कधीच कळत नाही. बाकड्यावर बसून संवाद रचणाऱ्या दशावतारी नटाशी या आरोपीचे कौशल्य जुळते. फरक असा की, नटाची रचना सर्वांच्या संमतीने चालते आणि आरोपीची अधिकाऱ्याच्या अज्ञानावर.

‘दशावतार’मध्ये हा अधिकारी येतो तो अर्थातच तोतयाचा शोध घ्यावयास येतो. त्याच्या धंद्याचा तो धर्मच आहे. मुखवट्यामागे कोण, एवढे कळले की त्याचे काम झाले. प्रेक्षकाचे काम तेथे होत नाही, कारण बाबुलीचा देह आणि बाबुलीने घेतलेले रूप यांच्यातील अंतर फार मोठे आहे. अधू दृष्टीचा वृद्ध एकीकडे आणि संहारक अवतार दुसरीकडे. हे अंतर सोंगाने भरून निघते काय? रंगभूमीवर ते नेहमीच भरून निघते. ऐंशीचा नट वामन झाला तरी जत्रेतील माणूस हरकत घेत नाही. रानात, खऱ्या शत्रूसमोर, तसे कसे होईल? तेव्हा अवसाराची कल्पना प्रेक्षकाच्या मनात आपोआप उभी राहते, आणि चित्रपट ती मान्यही करीत नाही व नाकारीतही नाही. या संदिग्धतेची किंमत मात्र स्पष्टपणे मोजली पाहिजे. रूपे बाबुलीने घेतली असतील तर तो सूड आहे, आणि पुत्रशोकाने तो समजण्याजोगा झाला तरी मनुष्यवधच. ती त्याच्या अंगी आली असतील तर तो निवाडा आहे, आणि निवाडा देणारा माणूस नव्हे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये, जुन्या कलम ८४ प्रमाणेच, मनोविकृत अवस्थेतील कृत्यास अपवाद आहे. देवतेच्या संचारास तो नाही. न्यायालयापुढे अवसार मांडावयाचा तर वेड म्हणूनच मांडावा लागेल, आणि गावऱ्हाटीतील कोणीही गावकरी हे भाषांतर मान्य करणार नाही.

भूमिकेसाठी झालेली नटाची निवडही या संदिग्धतेस पोषक ठरली आहे. प्रभावळकरांनी ‘हसवाफसवी’ या नाटकात सहा भूमिका केल्या. ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) या हिंदी चित्रपटात त्यांनी महात्मा गांधी उभे केले, तेही एका गुंडाच्याच डोळ्यांना दिसणारे, इतरांच्या लेखी अस्तित्वात नसलेले. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्या अभिनयाची दखल घेतली गेली. ज्या चेहऱ्याने एक काल्पनिक व्यक्ती इतकी विश्वसनीय केली, तोच चेहरा बाबुलीला मिळाला. १९४४ साली जन्मलेल्या या नटाचे वयही भूमिकेचेच वय आहे.

जेथे चित्रपट नाटकावर विश्वास ठेवतो तेथे तो सरस उतरतो. गुरू ठाकूर यांच्या संवादांतील मालवणी, रंग लावतानाची एकाग्रता, पितापुत्रांतील कलह या ठिकाणी सोंग हे सोंगच राहते, आणि त्यामुळेच त्याचा दरारा वाटतो. उत्तरार्धात भव्यतेचा मोह आवरलेला नाही. एका बाकड्याचे सिंहासन मानणाऱ्या परंपरेवरील कृतीत दृश्याच्या चमत्कारांनी प्रेक्षकाच्या संमतीची जागा घेतली की सोंग दुबळे होते आणि अवसाराकडे पारडे फार झुकते. जिल्ह्याचा खाणींविषयीचा अनुभव, रेडीचे लोहखनिज, कळण्यातील खाणीविरुद्धचे आंदोलन, हे पाहता कथेतील शत्रू काल्पनिक नाहीत. अशा शत्रूंशी गावकऱ्यांनी मोर्चांनी, ठरावांनी व न्यायालयांतून दिलेला लढा अवतारकृत्याहून कमी दृश्य आहे, आणि चित्रपटात त्यास फारसा अवकाश मिळालेला नाही.

मालवणनजीकच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात राजारामांच्या काळचे मानले जाणारे शिवराजेश्वराचे मंदिर आहे. त्यातील मूर्तीस दाढी नाही, मस्तकी नावाड्याची टोपी आहे. चित्रांतून परिचित असलेल्या शिवछत्रपतींशी तिचे साम्य शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. विशेष प्रसंगी तिच्यावर चांदीचा मुखवटा चढविला जातो. मूळ मूर्ती कोणती आणि मुखवटा कोणता, हे दर्शनास येणाऱ्या गावकऱ्यास पक्के ठाऊक असते, आणि नमस्कार तो दोन्ही रूपांना सारखाच करतो.